अकरा वर्तुळं

तहसीन काझी पहिल्यांदा घर बघायला आली
तेव्हा भिंतींकडं बघितलंच नाही तिनं.
चपला काढता काढता विचारलं,
"काकू, नळ किती दिवसांनी येतात?"
म्हटलं, बाराव्या दिवशी. कधी पंधराव्या.
"रात्री का दिवसा?"
त्याचं काही खरं नाही बाई.
हे सोफ्यावरनं म्हणाले, "मॅडम, फॉल्स सीलिंगचं बोला."

ती मोजत गेली.
पुढची खोली तेरा बाय अकरा.
मधली, जिच्यात उजेड फक्त टीव्हीचा.
मोरीचा उंबरा, ज्यानं माझ्या डाव्या अंगठ्याचं नख
तीनदा घेतलंय.
लाल ठिपका भिंतीवर जाऊन बसायचा
आणि मांजर त्याच्या मागं मागं.

आठ दिवसांनी कागद पसरला,
कोपऱ्यांवर आमच्याच वाट्या ठेवल्या.
"हे आत्ताचं घर. आहे तसं."
एकतीस वर्षं मी त्याच्या आत होते,
वरून कधी बघितलं नव्हतं.
स्लॅब काढलेला, माणसं काढलेली,
दारं पाव गोलात उघडलेली
आणि जिथं तिथं वर्तुळं.
जिन्याखाली तीन, मोरीत दोन,
देवघराला टेकून एक,
पलंगाच्या पायथ्याशी एक, ज्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवते,
बाकीची कुठं कुठं.
"कॉलम का हे?" यांनी विचारलं.
"टिपाडं," ती म्हणाली. "अकरा आहेत."

मला उगाच लाज वाटली,
पाहुण्यांसमोर पदर फाटलेला दिसावा तशी.

मग पैशांवरनं झालं.
प्रणितनं हैदराबादहून धाडलेले, मोजके.
सीलिंग का पुढच्या खोलीखाली हौद?
तहसीन वाद घालत नाही, पेन्सिल फिरवते.
"अकरा टिपाडांनी चौतीस चौरस फूट धरलेत.
काका, उदगिरात आज फुटाचा भाव काय चाललाय?"
यांची हयात मुद्रांक विकण्यात गेली,
भाव यांना झोपेत पाठ.
चहा गार झाला, हे बोलले नाहीत.
त्या दिवशी सीलिंग पडलं,
लागायच्या आधीच.

नागनाथ गुत्तेदारानं फरशी उचलली.
शहाबादीखाली मुरूम, मुरुमाखाली
चार फुटांवर काळा खडक.
ब्रेकर नुसता नाचायला लागला त्याच्यावर.
"म्हटलं न्हवतं का," नागनाथ म्हणाला,
म्हटलं काहीच नव्हतं त्यानं.
तहसीन खड्ड्यात उतरली, ओढणी कमरेला,
खडकावर तळहात ठेवून उभी राहिली थोडा वेळ.
"चूक माझी. आधी एक खड्डा घेऊन बघायला पायजे होता."
इतकं सरळ मी आमच्या घरात
कुणाला म्हणताना ऐकलं नव्हतं.
बारा हजार लिटरचा हौद आठचा झाला.
तेवढी फी तिनं कमी घेतली,
मी नको म्हणत असताना.

आता सोफ्याखाली आठ हजार लिटर अंधार आहे.
मधल्या खोलीत खिडकी आहे,
खिडकीतनं शेजारच्यांची भिंत दिसते,
तरी खिडकी ती खिडकी.
दहा टिपाडं भंगारवाला घेऊन गेला,
गाड्यावर ती ढोलासारखी वाजत गेली गल्लीभर.

शेवटच्या नकाशात एक वर्तुळ राहिलं होतं,
मोरीच्या दाराशी, नाव न लिहिलेलं.
मी बोट ठेवलं तर म्हणाली,
"माझी अम्मी पण ठेवते एक."

रात्री तीनला नळ सुटतो.
मोटर आपली आपण लागते, आपली आपण थांबते,
कुणी उठायचं कारण नाही.
मी उठते.
तोंडाला फडकं बांधून टिपाड भरते काठोकाठ.
भिंतीपासून त्याला चार बोटं फट आहे,
पुसायला हात जावा म्हणून.
माझा जातो.